ठोकळा, धार आणि फुंकर

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये राहणाऱ्या भाचीनं दिवाळीला नाशिकला येताना माझ्यासाठी रेकॉर्डर आणला. फूटभर लांबीचं, तीन तुकड्यांत सुटणारं, उभं धरून तोंडानं फुंकायचं वाद्य. नाशपातीच्या लाकडाचं, लेथवर कातलेलं आणि एकाच कारागिरानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातानं घडवलेलं. माझं संगीतशिक्षण लहानपणी पेटीवर प्रवेशिकेपर्यंत झालं, मग नोकरीत ते मागे पडलं. बासरी तर कधी ओठांना लावलेली नव्हती. वाद्यासोबत कारागिराचं एक पत्रक होतं, ते भाचीनं वाचून समजावलं. नव्या वाद्यात पहिले काही आठवडे रोज पंधरा मिनिटांहून जास्त फुंकायचं नाही. आधी हातात धरून ऊब द्यायची, नंतर आतून पुसून कोरडं करायचं. श्वासातल्या ओलाव्यानं लाकूड फुगतं, त्या ओलाव्याची लाकडाला हळूहळू सवय व्हावी लागते. मी उत्साहानं तासभर बसणार होते. पहिला धडा थांबण्याचा निघाला.

पहिल्या फुंकरीलाच आवाज आला. आपली आडवी बासरी शिकणाऱ्यांना सुरुवातीला कित्येक दिवस नुसती हवाच ऐकू येते असं ऐकून होते, त्यामुळे मला फार आनंद झाला. मग भाचीनं मुखाचा तुकडा उलटा करून आत दाखवलं. चोचीसारख्या तोंडात लाकडाचा एक ठोकळा बसवलेला असतो, तो ब्लॉक. ठोकळा आणि वरचं छत यांच्यामध्ये एक अरुंद, चपटी फट राहते, तिला विंडवे म्हणतात. मी तिला ‘वाऱ्याची वाट’ म्हणू लागले. त्या वाटेनं हवेचा पातळ पापुद्रा बाहेर येतो आणि समोरच्या खिडकीतल्या तासलेल्या धारेवर आदळतो. गोदेला पूर आला की पुलाच्या खांबाशी पाणी कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं वळसा घेतं. तशी ही हवा धारेच्या वर-खाली हेलकावत राहते आणि नळीतल्या हवेला नाचवते. सूर त्यातून निघतो. बासरीत ही वाट वादकाचे ओठ तयार करतात. इथं कारागिरानं ती लाकडात कायमची कोरून ठेवलेली असते. आवाज पहिल्यांदाच आला तो त्याच्या हातामुळे, हे तेव्हा कळलं.

आपल्या रिवाजाप्रमाणे मी सा पासून सुरुवात केली. सा म्हणजे सगळी भोकं बंद: समोरची सात आणि मागचं अंगठ्याचं एक. त्यातून किंकाळी निघाली. पुन्हा फुंकलं, पुन्हा किंकाळी. भाची म्हणाली, “मावशी, हाच सूर सगळ्यात अवघड. आठातलं एक जरी भोक केसभर उघडं राहिलं तरी तो फाटतो, आणि फुंकर अगदी मऊ लागते. तिकडे मुलांना आधी डाव्या हाताचे तीन सूर देतात.” ते तीन म्हणजे आपले प, ध आणि नी. कोणतं बोट नीट बसलेलं नाही हे ओळखायची सोपी खूणही तिनं सांगितली. थोडं दाबून वाजवायचं, बोटं उचलायची आणि त्यांच्या गादीवर उमटलेली वर्तुळं बघायची. पूर्ण वर्तुळ म्हणजे भोक झाकलेलं, चंद्रकोर म्हणजे गळती. माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेवर रोज चंद्रकोरच असायची. बोटाचं टोक टेकवायचं नसतं, गादी टेकवायची असते. पेटीवर घडलेल्या बोटांना ते उमगायला वेळ लागला.

प, ध, नी जमल्यावर खाली उतरले. ग, रे, आणि मग हलक्या फुंकरीनं सा. शुद्ध मध्यमाशी गाडं अडलं. बाकीच्या सुरांना एकामागून एक बोटं टेकवत जायचं असतं. मध्यमाला मधलं एक बोट उचलून त्याच्या खालची पुन्हा टेकवावी लागतात. १९२०च्या दशकात जर्मनीत पेटर हार्लान या वाद्यनिर्मात्याला ही अडचण मुलांसाठी दूर करावीशी वाटली आणि त्यानं भोकांची मापं बदलली. शुद्ध मध्यम सोपा झाला. तीव्र मध्यम आणि आणखी काही सूर बेसूर झाले. तसली वाद्यं अजूनही विकली जातात. माझ्या वाद्याच्या कारागिरानं जुनीच रचना ठेवली होती. मग माझ्या लक्षात आलं की मध्यम नकोच असेल तर आपल्याकडे भूप आहे. सा रे ग प ध, आणि तार सा ला नुसता अंगठा आणि मधलं बोट. जुन्या रचनेच्या या वाद्यावर भूपाचा आरोह-अवरोह बसून गेला, बोटांना कुठेही तिढा न पडता. त्या संध्याकाळी मी फार खूष होते.

खुशी टिकली ती फोनवरचा तानपुरा लावेपर्यंत. पांढरी एकचा सा लावला आणि माझा सा त्याच्या खाली, जवळजवळ अर्ध्या सुरानं. ओळखीच्या पेटीवाल्या सरांकडे वाद्य घेऊन गेले. त्यांनी पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, “ताई, हा पांढरी सातला बोलतोय.” मला वाटलं वाद्यात खोट आहे. रात्री भाचीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. आजचे वाद्यवृंद मधल्या ध ला सेकंदाला ४४० कंपनांवर ठरवतात. अठराव्या शतकात असा एकच ठराव नव्हता. गावोगावचा सूर वेगळा, चर्चमधल्या ऑर्गनचा वेगळा. जुनं संगीत जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्यांनी आपल्या काळात सोयीसाठी ४१५ हा आकडा धरला, तो आजच्यापेक्षा अर्ध्या सुरानं खाली येतो. सरांना हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. प्रत्येक गवय्याची पट्टी त्याच्या गळ्याप्रमाणे असते, हे ते आयुष्यभर पाहत आले आहेत. तानपुरा खाली उतरवला आणि भूप जुळला.

त्यानंतर मी सुरांत भाव आणायला गेले. पंचमावर थांबून फुंकर हळूहळू वाढवली, तर आवाज मोठा होण्याऐवजी सूरच वर चढला. कमी केली, तर उतरला. ओठांनी सावरता येत नाही, कारण वाट कायमची ठरलेली. आडव्या बासरीत वादक ओठ वळवून तो तोल सांभाळतो. पन्नालाल घोषांसारख्यांनी मोठ्या बांबूवर जे केलं त्यामागे ओठांची ही मोकळीक आहे. रेकॉर्डरवाल्यांनी दुसरा उपाय शोधला: जीभ. व्हेनिसच्या सिल्व्हेस्त्रो गानास्सीनं १५३५ साली ‘फोंतेगारा’ नावाचं पुस्तक छापलं, पूर्णपणे याच वाद्याबद्दलचं. कोणताही वाद्यकार माणसाच्या आवाजाचं अनुकरण करण्यासाठीच झटतो, असं तो सुरुवातीलाच बजावतो. आपल्याकडच्या गायकी अंगाच्या वादकाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. पुढे तो फुंकताना जिभेनं म्हणायची अक्षरं देतो. कठोर हवं तर ‘ते-के’, मध्यम हवं तर ‘ते-रे’, मृदू हवं तर ‘ले-रे’. शेजारचा तबला शिकणारा मुलगा खिडकीशी उभा राहून माझं ‘तेके तेके’ ऐकत होता. त्यानं आत येऊन वाद्य मागितलं. बोलांची सवय असलेली त्याची जीभ पहिल्याच प्रयत्नात माझ्या दुप्पट वेगानं चालली. सूर कुठलाही असो, अक्षरं मात्र स्वच्छ होती.

भाची राहते त्या उट्रेख्तमध्ये या वाद्याचा एक मोठा वादक होऊन गेला, याकोब फान आइक. जन्मांध. शहरातल्या चर्चच्या घंटा वाजवायची आणि सुरात ठेवायची त्याची नोकरी. सेंट जॉन चर्चच्या आवारात संध्याकाळी लोक फिरायला येत. १६४९ मध्ये चर्चनं त्याचा पगार वाढवला तो या अटीवर, की त्यानं अधूनमधून तिथं आपल्या छोट्या नळीवर वाजवून लोकांना रिझवावं. त्याच्या रचना १६४०च्या दशकात ॲमस्टरडॅमला छापल्या गेल्या. दीडशेच्या आसपास रचना, बहुतेक एकट्या वादकासाठी. रस्त्यावरचं गाणं किंवा चर्चमधलं स्तोत्र आधी सरळ वाजवायचं, मग त्याच चौकटीत सूर अर्धे, पाव करत भरत जायचं. मी त्यातली सगळ्यात सोपी रचना घेतली. पहिलं आवर्तन सावकाश का होईना, आलं. दुसऱ्यात तेच सूर दुगुनीला लागले आणि तिसऱ्यात मी सोडून दिलं. पण बंदिश हातात आल्यावर तिचा विस्तार करताना कुठून निघायचं आणि कुठं परतायचं याचा हिशोब मला ओळखीचा वाटला.

मग हे वाद्य नाहीसं झालं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाख, हँडेल, विवाल्दी, टेलेमान यांनी त्याच्यासाठी लिहिलं. पुढे मोठी सभागृहं आली, भरगच्च वाद्यवृंद आले, आणि आवाज वाढवू-घटवू शकणाऱ्या आडव्या फ्लूटनं त्याची जागा घेतली. एकोणिसाव्या शतकात ते जवळपास संग्रहालयांत आणि जुन्या पेट्यांतच उरलं. परत कसं आलं ही गोष्ट मला इतकी आवडली की भाचीला मी ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. आर्नोल्ड डोलमेच नावाचा फ्रान्समध्ये जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये स्थिरावलेला कारागीर-वादक होता. त्याच्याकडे लंडनच्या ब्रेसां या जुन्या निर्मात्याचा रेकॉर्डर होता. १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्याच्या सात वर्षांच्या मुलाच्या, कार्लच्या हातून ज्या पिशवीत तो होता ती फलाटावर राहिली आणि गेली. डोलमेचनं त्या वाद्याची मापं घेऊन ठेवली होती. त्या मापांवरून त्यानं नवं वाद्य घडवलं, मग आणखी घडवली, आणि १९२५ पासून हॅझलमीर या गावी जुन्या संगीताचा वार्षिक महोत्सव सुरू केला. तोच कार्ल पुढे या वाद्याचा नामवंत वादक झाला.

वाद्य हरवलं, पण मापं उरली, म्हणून ते परत आलं. याच कारणानं पुढच्या पिढीचे लोक संग्रहालयांत मोजपट्ट्या घेऊन बसले. डच वादक फ्रान्स ब्र्युखेनकडे अठराव्या शतकातल्या रेकॉर्डरांचा संग्रह होता. ऑस्ट्रेलियातल्या फ्रेड मॉर्गन या कारागिरानं त्यातलं एकेक वाद्य मोजून रेखाटलं आणि ती रेखाटनं १९८१ मध्ये टोकियोत छापली गेली. जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये १९८७ साली चौदाव्या शतकातला एक रेकॉर्डर सापडला, तोही जुन्या शौचकूपात. गाळात हवा न लागल्यानं लाकूड टिकलं होतं. त्याचीही मापं घेतली गेली आणि आता त्याच्या प्रती वाजतात. माझ्या हातातलं वाद्यही असंच संग्रहालयातल्या एका जुन्या नमुन्यावरून केलेलं. त्याच्या सर्वांत खालच्या भोकाचा तुकडा वेगळा फिरवता येतो, करंगळी पोचेल तिकडे. त्याहून जुन्या वाद्यांना तिथं डावं-उजवं अशी दोन भोकं असत आणि वादक नको ते मेणानं बुजवी.

जानेवारीत नाशिकची थंडी पडली आणि वाद्य बंद पडू लागलं. पाच मिनिटं वाजवलं की आवाज घोगरा होई, मग बसे. बाहेर गार लाकूड, आत उबदार श्वास. वाऱ्याच्या वाटेत पाणी धरतं. तिथं काडी, कापड काही घालायचं नाही, छताची एक रेघ बिघडली तरी सूर जातो. खिडकीवर बोट आडवं धरून, धारेला न लावता, जोरात फुंकून पाणी बाहेर काढायचं. ठोकळा सीडरचा असतो, पेन्सिली करतात त्या लाकडाचा. तो ओलावा सोसतो आणि फारसा फुगत नाही. बाकीच्या नळीला मधूनमधून आतून तेल द्यावं लागतं. तिकडे जवसाचं वापरतात आणि ते मला रविवार कारंज्याजवळ सहज मिळालं. ठोकळ्याला मात्र तेलाचा थेंबही लागता कामा नये, नाहीतर तो ओलावा शोषणं सोडतो. एप्रिलच्या कोरड्या उन्हात तुकड्यांचे सांधे सैल पडले, तेव्हा त्यांच्यावर दोऱ्याचे आणखी वेढे दिले. जुलैत तेच सांधे इतके आवळले की वेढे पुन्हा उलगडावे लागले. नाशिकचे तिन्ही ऋतू या लाकडानं माझ्यापेक्षा आधी ओळखले.

वरचं सप्तक अजून कच्चं आहे. मागच्या भोकावरचा अंगठा किंचित वाकवून नखाशी जेमतेम एक फट ठेवायची, की सूर उडी मारून वर जातो. फट जास्त झाली तर सूर फिसकटतो, कमी झाली तर खालचाच येतो. भूपात तार सप्तकातल्या गंधाराला हे लागतंच. तो गंधार मला कधी लागतो, कधी नाही, आणि लागला तर का लागला हे सांगता येत नाही.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा असते. दिंड्यांच्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ बांबूच्या पिपाण्या विकत बसले होते. लहानपणापासून अशा पिपाण्या पाहिल्या होत्या. या वेळी हातात घेऊन तोंडाशी पाहिलं आणि तिथंच उभी राहिले. बांबूच्या तोंडात लाकडाचं बूच, बुचाच्या वर चपटी फट, पुढं कापलेली खिडकी आणि तिची तासलेली कड. ठोकळा, वाट, धार. हे आपलं अलगूज. मी विचारलं, “बाबा, हे तुम्हीच करता?” ते म्हणाले, “मग कोण करणार, बाई?” भोकं तापलेल्या सळईनं पोळतात. जागा कशा ठरवता म्हटलं, तर त्यांनी नळीवर सहा बोटं टेकवून दाखवली. बोट पडेल तिथं भोक. मग सूर कसा जुळतो? “खालचा सूर पडला तर भोक थोडं मोठं पोळायचं, वर येतो.” मागं अंगठ्याचं भोक नव्हतं, वरचं सप्तक ते नुसत्या जोराच्या फुंकरीनं काढत होते, आणि तो गंधार त्यांना दर वेळी लागत होता.

मी दोन अलगुजं घेतली आणि घरी येऊन मोजली. भोकांमधली अंतरं खरंच जवळजवळ सारखी होती, व्यास वेगवेगळे. नाशपातीच्या नळीत अंतरं आणि व्यास दोन्ही बदलत जातात, शिवाय आतली पोकळी खाली निमुळती होत जाते. तत्त्व मात्र एकच: मोठं भोक सुराला वर खेचतं. डोलमेचला हे मापांतून कळलं. त्या बाबांना कानातून. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी वाद्यं जपून ठेवलेली आहेत, तारपा आणि पावरी या आदिवासी फुंकवाद्यांवर अभ्यासकांनी लिहिलं आहे. पण जत्रेतलं अलगूज इतकं स्वस्त आणि इतकं नेहमीचं, की त्याचं माप घ्यावं असं कुणाला वाटत नाही. मला याची काळजी वाटते. गाण्याच्या बाबतीत असं झालं नाही. इथल्याच पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम होता. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झालेल्या या माणसानं स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गळ्यातलं गाणं कागदावर आलं म्हणून माझ्यासारखीला पेटीवर प्रवेशिका देता आली. वाद्यांच्या बाबतीत तेवढी कळकळ आपण दाखवलेली नाही. अलगूज अजून वाजतं आहे, करणारा हात समोर बसला आहे, आणि विचारलं तर तो सांगतो. युरोपला हे भाग्य नव्हतं. त्यांना गाळातून उकरावं लागलं.

म्हणून एक वही केली आहे. नळीची लांबी, आतला-बाहेरचा व्यास, खिडकीची रुंदी, प्रत्येक भोक तोंडापासून किती अंतरावर, केवढं. प्रत्येक सूर तानपुऱ्याशी ताडून किती चढा, किती उतरा. बुचावरच्या फटीची उंची मात्र घेता आली नाही, माझी पट्टी तिथं शिरत नाही. सातपूरच्या एका हत्यारांच्या दुकानात विचारलं, तर त्यांनी फीलर गेज दाखवला: कागदासारख्या पातळ पोलादी पट्ट्या, प्रत्येकीवर जाडी कोरलेली. मोटारीच्या इंजिनातली फट मोजायला तो वापरतात. तो घेतला आहे. पहिल्या अलगुजाची फट एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी निघाली. हे चुकून झालं की बाबांनी मुद्दाम ठेवलं, ते त्यांनाच विचारायचं आहे.